नर्स प्रॅक्टिशनरचं बिलिंग शिकवणारा कर्वे रस्त्यावरचा वर्ग: चांगला, पण एक मोठं भोक

पुण्यात मेडिकल कोडिंगचे (आजार आणि उपचार विमा क्लेमच्या कोडमध्ये मांडण्याचे) क्लास गल्लोगल्ली आहेत, पण बहुतेकांची धाव सीपीसी या कोडरच्या प्रमाणपत्र परीक्षेपर्यंतच: १०० प्रश्न, ४ तास, पास व्हायला ७० टक्के. कर्वे रस्त्यावरच्या एका क्लासने त्यापुढचा सहा सत्रांचा शनिवार-रविवार वर्ग काढलाय. विषय एकच, अमेरिकेतल्या नव्या नर्स प्रॅक्टिशनरचं (स्वतः पेशंट तपासून औषध लिहिणाऱ्या उच्चशिक्षित नर्सचं) बिलिंग. खाली तक्रारीही आहेत, म्हणून क्लासचं नाव देत नाही. खराडी-हिंजवडीत कोडिंग किंवा एआर कॉलिंग (अडकलेल्या क्लेमसाठी विमा कंपन्यांना फोन) करणारे आणि नर्सिंग करून तिकडे जायच्या तयारीत असलेले, दोघांच्याही उपयोगाचा आहे.

खरी किंमत तिसऱ्या सत्राची. बाकी क्लास आधी कोड विचारतात; इथे बारा चार्ट वाटून एकच प्रश्न विचारला जातो: सीएमएस-१५०० या क्लेम फॉर्मच्या २४-जे रकान्यात कोणाचा एनपीआय (उपचार करणाऱ्याचा ओळख नंबर) जाणार? नव्या नर्स प्रॅक्टिशनरचे पैसे अडकतात ते नेमके इथे. १९९८ पासून त्यांना मेडिकेअरला (मुख्यतः वृद्धांच्या सरकारी विम्याला) स्वतःच्या नावाने बिल करता येतं, पण दर डॉक्टरच्या ८५ टक्के. डॉक्टरला १०० डॉलर मंजूर असतील तिथे त्यांना ८५. डिडक्टिबल (पेशंटने आधी स्वतः भरायची रक्कम) भरून झालेला असेल तर त्यातले ६८ मेडिकेअर देणार आणि १७ पेशंट. तीच व्हिजिट ‘इन्सिडंट टू’ (डॉक्टरच्या उपचाराचाच भाग म्हणून दिलेली सेवा) नियमात बसली तर डॉक्टरच्या एनपीआयवर पूर्ण १०० मिळतात. या १५ टक्क्यांच्या मोहात सगळंच डॉक्टरच्या नावावर टाकणारी क्लिनिकं ऑडिटमध्ये सापडतात आणि आधी घेतलेले पैसे परत करत बसतात.

या नियमाच्या अटी फळ्यावर नीट मांडल्या जातात. जागा क्लिनिकची हवी, हॉस्पिटलची चालत नाही. पेशंट जुना, तक्रार जुनी, उपचाराचा आराखडा डॉक्टरने आखलेला, आणि त्या वेळी देखरेखीला डॉक्टर हजर. आराखडा एका डॉक्टरचा आणि त्या दिवशी देखरेखीला ग्रुपमधला दुसरा असेल, तर २४-जेमध्ये दुसऱ्याचा नंबर जातो. ही गोष्ट चार-पाच वर्षं काम केलेले लोकही चुकतात.

बारांतला सातवा चार्ट फार छान निवडलाय. ६८ वर्षांच्या बाई, टाइप २ मधुमेह, मेटफॉर्मिन चालू, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ९.४. डोस वाढवला. बीपी ठीक, गोळी तीच. जाता जाता बाई म्हणतात, उजवा कान दडा बसल्यासारखा झालाय. घट्ट बसलेला मळ क्युरेटने काढला. डॉक्टर शेजारच्याच खोलीत. वर्गातले निम्मे हात ‘डॉक्टरचा एनपीआय’ म्हणून वर जातात आणि तिथेच फसतात, कारण कान ही नवी तक्रार आहे. व्हिजिट नर्स प्रॅक्टिशनरच्या नंबरवर, ८५ टक्क्यांनी.

मग कोड. दोन जुने आजार, त्यातला एक आटोक्यात नाही, आणि औषधात बदल. म्हणजे मॉडरेट एमडीएम (निर्णयाची गुंतागुंत मध्यम), व्हिजिटचा कोड ९९२१४. कानासाठी ६९२१०, आणि ९९२१४ ला मॉडिफायर २५ (व्हिजिट प्रोसिजरहून वेगळी, हे सांगणारी खूण). तो विसरलात तर व्हिजिटचे पैसे प्रोसिजरमध्ये गुंडाळून सीओ-९७ हा नकार येणार. नुसत्या पाण्याने धुतलं असतं तर कोड ६९२०९. नोटमध्ये साखर वाढल्याचं लिहिलंय असं धरून निदानं ई११.६५ (साखर वाढलेला मधुमेह), आय१० (बीपी), झेड७९.८४ (मधुमेहाची गोळी चालू), एच६१.२१ (उजव्या कानात मळ). फॉर्मच्या २४-ई रकान्यात ६९२१० च्या ओळीला फक्त कानाचं निदान जोडायचं; घाईत मधुमेह जोडला की सीओ-११, म्हणजे निदान प्रोसिजरशी जुळत नाही असा नकार.

अजून एक बारकावा इथेच सांगतात. नोटमध्ये नुसतं ‘अनकंट्रोल्ड’ लिहिलं असेल तर ई११.६५ देता येत नाही, साखर वाढलेली की घटलेली हे प्रोव्हायडरला विचारावं लागतं. ‘पुअरली कंट्रोल्ड’ असेल तर मात्र निदान-कोडांचा इंडेक्स सरळ हायपरग्लायसेमियाकडे (साखर वाढलेली) नेतो. कोडरने आकडा बघून स्वतः अर्थ लावायचा नाही.

आता तक्रारी. सराव पत्रिकेत ९९२०१ (नव्या पेशंटच्या व्हिजिटचा कोड) अजून ठाण मांडून बसलाय. हा कोड १ जानेवारी २०२१ ला रद्द झाला. वेळेवरून व्हिजिटचा कोड ठरवायचं कोष्टकही जुनंच, ९९२१४ समोर ३० ते ३९ मिनिटं. २०२४ पासून वरची मर्यादा गेली, किमान वेळ भरली की झालं: ९९२१२ ला १०, ९९२१३ ला २०, ९९२१४ ला ३०, ९९२१५ ला ४०. रोजच्या कामात फारसं बिघडत नाही, पण फी घेऊन काही वर्षांपूर्वीची झेरॉक्स वाटणं बरं दिसत नाही. वेळ मोजताना असिस्टंटने बीपी घेतलेली पाच मिनिटं धरायची नाहीत, हे तोंडी सांगतात, कागदावर नाही.

स्प्लिट व्हिजिट (हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आणि नर्स प्रॅक्टिशनर दोघांनी मिळून पाहिलेला पेशंट) आणि तिचा एफएस मॉडिफायर वीस मिनिटांत उरकतात. हॉस्पिटलच्या प्रोजेक्टवर असाल तर ते पुरणार नाही.

भोक आहे ते एनरोलमेंटचं, म्हणजे विम्याकडे नाव नोंदवण्याचं. नवी नर्स प्रॅक्टिशनर नोकरीला लागते, पहिल्या दिवसापासून पेशंट बघते, आणि क्लेम परत येतात, कारण पेयरकडे (पैसे देणाऱ्या विम्याकडे) तिचं नावच चढलेलं नसतं. पेकोस या मेडिकेअरच्या नोंदणी साइटवर ८५५-आय अर्ज, खाजगी विमा कंपन्या बघतात ते सीएक्यूएच प्रोफाइल आणि त्याचं दर १२० दिवसांनी पुन्हा अटेस्टेशन (माहिती बरोबर असल्याची खात्री), खाजगी विमा कंपन्यांचे वेगळे अर्ज. यातला एक शब्दही सहा सत्रांत नाही. मेडिकेअर अर्जाच्या तारखेच्या फार तर ३० दिवस मागे जाऊ देतं. त्याआधीच्या व्हिजिट बुडीत, कोडिंग कितीही अचूक असो. तोवर डॉक्टरच्या नावावर बिल करा, हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. इन्सिडंट टूच्या अटी तेव्हाही तशाच लागतात.

शिकवणं मराठीत, शब्द सगळे कामावरचेच, त्यामुळे समजायला त्रास नाही. मागच्या बाकावरून फळा दिसत नाही, लवकर जा. सीपीटीचं (व्हिजिट-प्रोसिजरच्या कोडचं) चालू वर्षाचं पुस्तक स्वतःचं न्या. अप्पा बळवंत चौकात जुनं स्वस्तात मिळालं तरी या कामाला घेऊ नका. आयसीडी (निदानाचे कोड) १ ऑक्टोबरला बदलतं, सीपीटी १ जानेवारीला, म्हणून जानेवारीनंतरची बॅच धरलेली बरी. आणि फी भरण्याआधी काउंटरवर विचारा, एनरोलमेंटचं सत्र घातलंय का.