एका कागदावर मावलेली खाण: ‘द हॉन्टिंग ऑफ इप्सिलॉन १४’

‘मदरशिप’ या सायन्स फिक्शन हॉरर आरपीजीसाठी (टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका करत खेळायच्या खेळासाठी) डी. जी. चॅपमन यांनी लिहिलेलं हे साहस, म्हणजे खेळायला तयार कथानक, हे दोन घड्या घालून तीन भाग होणारं एक पत्रक. कागद एकच, दोन्ही बाजूंनी छापलेला. प्रकाशक ट्यूजडे नाईट गेम्स. लघुग्रहावरच्या खाणीत माल उचलायला एक जहाज येतं. खाणकामगारांपैकी माइक नावाचा माणूस सापडत नाही, आणि त्यानंतर बाकीचेही एक-एक करून नाहीसे होऊ लागतात. कारण खेळाडूंनीच शोधायचं, म्हणून त्याबद्दल इथे काही लिहीत नाही.

पहिल्यांदा वॉर्डन (खेळ चालवणारा) होणाऱ्याला याहून चांगलं साहस सुचवणं कठीण आहे. वाचायला अर्धा तास लागतो आणि तीन-चार तासांच्या एका बैठकीत संपतं. खेळाडू तीन ते पाच असावेत. त्याहून जास्त झाले तर एकटं पडण्याची भीती उरत नाही, आणि सगळी मजा त्या भीतीतच आहे. नकाशा चौकटी मोजायचा नसून कुठून कुठे जाता येतं एवढंच दाखवणारा आहे, त्यामुळे अंतरं मोजण्यात वेळ जात नाही.

सर्वांत दमदार भाग म्हणजे माणसं. कामगारांची प्रमुख सोन्या हिच्यापासून प्रिन्स नावाच्या मांजरापर्यंत प्रत्येकाला जेमतेम एखादी ओळ मिळाली आहे. अडचणही तिथेच होते. टेबलावर सात-आठ कामगार एकाच आवाजात बोलू लागले की कोण गायब झालं, याचं कुणालाच काही वाटत नाही. उपाय सोपा: प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी करा, तिच्यावर एक लकब आणि एक गरज लिहा, आणि चिठ्ठ्या सगळ्यांसमोर मांडून ठेवा. माणूस गेला की काही न बोलता चिठ्ठी उचला. पहिल्या तासात निदान चौघांना तरी खेळाडूंशी बोलतं करा, त्याआधी कुणालाही उचलू नका.

दुसरी गफलत फाशांची. ‘मदरशिप’च्या पहिल्या आवृत्तीत पात्राचे गुण २ दहा-बाजूंचे फासे अधिक २५ असे ठरतात, म्हणजे सरासरी ३६. शंभरात तेवढ्याच्या खाली फासा पडला तरच यश, त्यामुळे वर्गाची (पात्राच्या पेशाची) किंवा कौशल्याची भर नसेल तर तीनपैकी साधारण दोन प्रयत्न फसतात. प्रत्येक अपयशाला १ स्ट्रेस, म्हणजे ताणाचा गुण, वाढतो. पॅनिक (पात्र घाबरून जातं का ते) तपासताना वीस-बाजूंचा फासा स्ट्रेसपेक्षा जास्त यावा लागतो. सुरुवातीच्या २ स्ट्रेसवर घाबरण्याची शक्यता १० टक्के, ८ वर गेलात की ४० टक्के. दार उघडायला, कपाट धुंडाळायलाही फासे टाकायला लावलेत तर खरा धोका समोर येण्याआधीच सगळे कोलमडलेले असतात. वेळ अपुरा असेल किंवा जिवावर बेतत असेल तेव्हाच फासे टाका. प्रत घेताना आकडे कोणत्या आवृत्तीचे आहेत तेही बघा. पहिल्या आवृत्तीत जखमांचा हिशोब त्याआधीच्या ‘शून्य’ आवृत्तीपेक्षा वेगळा आहे.

“आपण सरळ निघून का जात नाही?” हा प्रश्न खेळाडू हमखास विचारतात, आणि रास्तच आहे. माल चढायला सहा तास लागतील, रिकाम्या हाताने परतलात तर मजुरी नाही, हे पहिल्याच दृश्यात सांगून टाका. मात्र जहाज कायमचं नादुरुस्त करू नका, कारण शेवटी पळून जाण्याची वाट उघडी असली तरच कुणाला मागे सोडायचं हा पेच उभा राहतो.

गुरुत्वाकर्षण किती धरायचं, हेही आधीच ठरवा. लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या सेरेससारख्या मोठ्या पिंडावरही ते पृथ्वीच्या पस्तिसाव्या हिश्श्याच्या आसपास आहे, लहान लघुग्रहावर तर नावापुरतंच. तळावर कृत्रिम आणि बोगद्यात जवळजवळ शून्य धरलं, तर खाली उतरताना खेळाडूंची चाल आपोआप बदलते.

पीडीएफ छापून घेणार असाल तर एक सूचना. पानं अमेरिकन लेटर आकाराची आहेत. ए४ आडव्या कागदावर ‘फिट’ करून, दोन्ही बाजूंना, ‘फ्लिप ऑन शॉर्ट एज’ निवडून छापा. लाँग एज निवडलंत तर मागची बाजू उलटी येते. डावी-उजवीकडे साधारण १३ मिलिमीटर कोरी जागा राहते, ती कापून मगच घड्या घाला, नाहीतर घडी मजकुरावर पडते. नकाशा आणि रहस्य एकाच पत्रकावर असल्यामुळे ते खेळाडूंच्या हाती देता येत नाही, ही या मांडणीतली खरी उणीव. नकाशा वेगळ्या कागदावर, खोल्यांच्या नावांपुरता, हाताने काढून ठेवा.