मीटरवर १००० व्होल्ट, आत २५०चा फ्यूज

स्वस्त मल्टिमीटरमधली, म्हणजे व्होल्टेज आणि करंट मोजायच्या हातातल्या मीटरमधली, फसवणूक बिलात सापडत नाही. खोक्यावर ‘ट्रू आरएमएस’ (एसीची लाट कापलेली असली तरी खरं व्होल्टेज दाखवणारा), ‘६००० काउंट’ (स्क्रीन किती बारीक आकडा दाखवू शकते ते), ‘फ्यूज प्रोटेक्टेड’ आणि तारा खुपसायच्या जॅकपाशी ‘कॅट थ्री १००० व्होल्ट’ (व्होल्टेजचे झटके झेलण्याचा दर्जा) असं सगळं छापलेलं असतं. शिवाय किंमत खिशाला परवडणारी. दुकानदार प्रोब, म्हणजे मीटरच्या तारांची टोकं, सॉकेटात घालतो, स्क्रीनवर २३२ येतात आणि घेणारा खूश होतो.

या प्रात्यक्षिकाने काहीही सिद्ध होत नाही. घरातल्या साध्या एसी लाइनवर दोनशे रुपयांचा पिवळा मीटर आणि वीस हजारांचा मीटर जवळपास सारखाच आकडा दाखवतात. फरक पडतो तो डिमरवर. साठ वॉटचा जुना तारेचा बल्ब डिमरवर लावा आणि डिमर अर्ध्यावर आणा. लाट बरोबर मधोमध कापली जात असेल, तर ट्रू आरएमएस मीटर १६३च्या आसपास दाखवेल आणि सरासरीवर चालणारा ११५च्या आसपास. काउंटचा खोटेपणा पकडायला तर मोबाइलचा लिथियम सेल पुरे. ६००० काउंटचा मीटर त्यावर ३.८१२ असे तीन दशांश दाखवतो, २००० काउंटचा ३.८१वर थांबतो. खरं सांगायचं तर घरच्या आणि गाडीच्या कामाला २००० काउंट भरपूर झाले, ट्रू आरएमएसवाचूनही काही अडत नाही. या दोन थापांनी जातात फक्त पैसे.

फ्यूजची थाप मात्र हात भाजते. प्रोब जॅकमधून काढा आणि मागचे दोन स्क्रू सोडून झाकण उचला. असल्या मीटरमध्ये बहुतेक हेच दिसतं: पीसीबीच्या, म्हणजे सर्किटच्या पट्टीच्या, मध्यभागी काळा डांबरासारखा ठिपका, त्याखाली चिप. कॉम (काळ्या तारेचा) आणि १० अँपिअर या दोन जॅकच्या मध्ये नालेसारखी वाकवलेली जाड तार, तिच्या वाटेत फ्यूज नाहीच. बाजूला एकुलता एक काचेचा फ्यूज, २० मिलिमीटर लांब, तोही फक्त मिलिअँपिअरच्या जॅकसाठी. त्याच्या टोपीवर भिंग धरून वाचा, लिहिलेलं असतं २५० व्होल्ट. म्हणजे मीटरचा चेहरा १००० म्हणतो आणि पोटातला पार्ट २५०. काही पीसीबींवर व्होल्टेजचे झटके झेलणाऱ्या एमओव्ही या पार्टचं वर्तुळ छापलेलं असतं, भोकंही पाडलेली असतात, पार्ट मात्र बसवलेलाच नसतो.

हे कधी अंगाशी येतं? गाडी रात्रभर उभी राहून बॅटरी उतरते, म्हणून लाल लीड (प्रोबची तार) १० अँपिअरच्या जॅकमध्ये घालून करंट मोजला जातो. गाडीतलं सगळं इलेक्ट्रॉनिक्स झोपल्यावर साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. मग तोच मीटर, लीड त्याच जॅकमध्ये, घरातल्या पॉइंटवर व्होल्टेज बघायला लावला जातो. डायल ७५० व्होल्ट एसीवर असली तरी उपयोग नाही. त्या जाड तारेतून फेज आणि न्यूट्रल थेट जोडले जातात, शेकडो अँपिअर वाहतात, प्रोबची टोकं वितळून उडतात आणि केसही फुटू शकते. काचेचा छोटा फ्यूज असला तरी असा करंट तोडण्यासाठी तो बनलेला नसतो. त्यासाठी वाळू भरलेला सिरॅमिक फ्यूज लागतो, अंगावर ६०० किंवा १००० व्होल्ट छापलेला. म्हणून दोन्ही करंट जॅकना असे फ्यूज असलेला, कॅट थ्री ६०० व्होल्टचा मीटर घ्या. तेवढं बजेट नसेल तर पिवळा मीटर खुशाल वापरा, पण फक्त सेल, गाडीची बॅटरी आणि कंटिन्युटीसाठी, म्हणजे तार मध्येच तुटलेली नाही ना हे बघायला. घरच्या मेन बोर्डाला तो लावू नका.

सोबत येणाऱ्या प्रोबवरही ‘१००० व्होल्ट २० अँपिअर’ छापलेलं असतं. प्लास्टिक जाड, आत तांब्याचे मोजके केस. २०० ओहमवर दोन्ही टोकं एकमेकांना घट्ट लावा. आकडा ०.२-०.३च्या आसपास हवा. एकच्या वर जात असेल, किंवा प्लगजवळ तार हलवल्यावर नाचत असेल, तर लीड आधी बदला.

मीटरसोबतचा ९ व्होल्टचा सेलही तपासा. सेल उतरला की स्वस्त मीटर जास्त आकडा दाखवायला लागतो. गाडीची बॅटरी १२.२वर, म्हणजे जेमतेम अर्धी असते, मीटर १२.७ दाखवतो, आणि बिचारा मालक चांगली सेल्फ मोटार खोलायला देतो.

क्लॅम्प मीटरमध्ये फसगत वेगळी. ‘४०० अँपिअर’ वाचून सेल्फचा करंट मोजायला क्लॅम्प घेतला जातो, आणि गाडीच्या तारेवर लावला की शून्य. स्वस्तातले बहुतेक क्लॅम्प फक्त एसी करंट मोजतात. डायलवर ‘ए’शेजारी नुसतं नागमोडी चिन्ह असेल तर तो गाडीच्या कामाचा नाही. सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ हे डीसीचं चिन्ह हवं, आणि शून्यावर आणायचं झीरो बटण. क्लॅम्प नाही म्हणून साधा मीटर सिरीजमध्ये लावून सेल्फ मारू नका. तिथे शंभराहून जास्त अँपिअर लागतात.

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातल्या तपकीर गल्लीसारख्या बाजारात समोर झाकण उघडून दाखवा म्हणता येतं. दुकानदार नाही म्हणाला तर पुढचं दुकान आहेच. ऑनलाइन घेताना पार्सल फोडण्यापासून फ्यूजपर्यंत एकसलग व्हिडिओ काढा. खोक्यावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि आयात केलेला असेल तर कोणत्या देशात बनला हे छापणं कायद्याने बंधनकारक आहे. नसेल तर त्याचाही फोटो ठेवा. बिलावर नुसतं ‘मल्टिमीटर १ नग’ नको, मॉडेल नंबर लिहून घ्या. विक्रेता परत घेत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ला तक्रार करताना छापील दाव्याचा आणि आतल्या फ्यूजचा फोटो शेजारीशेजारी जोडा.