पायथनमधली मोठ्या आकड्यांची साठवण: चार महिन्यांच्या वापरानंतर

दिवसा माझा लॅपटॉप सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलांची बिलं करतो आणि रात्री घरी 196 च्या मागे लागतो. आकडा उलटा करून त्याच आकड्यात मिळवायचा, एवढाच नियम. 87 चार पायऱ्यांत 4884 होतो, दोन्हीकडून सारखा, की थांबायचं. 196 मात्र 887, 1675, 7436 असा वाढतच जातो. तो कधी थांबेल का, हे आजवर कुणाला सिद्ध करता आलेलं नाही.

हे मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत करतो. तिच्यात आकडा मेमरी पुरेल तेवढा मोठा होऊ शकतो. माझी अडचण वेगळी होती. लॅपटॉपची बॅटरी गेलेली आणि उन्हाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. त्यामुळे आकडा फाइलीत ठेवणं आणि तो जसाच्या तसा परत मिळणं, याच कसोटीवर मी पायथन तपासलं.

पहिला धक्का साधारण 10,400 व्या पायरीला बसला. सप्टेंबर 2022 पासूनच्या आवृत्त्यांत 4300 पेक्षा जास्त अंकांचा आकडा दशमान मजकुरात लिहिताही येत नाही आणि वाचताही येत नाही, सरळ व्हॅल्यूएरर नावाची चूक दाखवून प्रोग्रॅम थांबतो. अंक दुप्पट झाले की या रूपांतराचा वेळ जवळपास चौपट होतो आणि त्याचा फायदा घेऊन कुणी सर्व्हर अडकवू नये म्हणून ही मर्यादा आहे. कारण मला पटतं. पायथनच्या 'सिस' या मॉड्यूलमधल्या सेट_इंट_मॅक्स_स्ट्र_डिजिट्स या फंक्शनला शून्य दिलं की ती उठते. जेसनमध्ये, म्हणजे माहिती मजकूर म्हणून साठवण्याच्या एका प्रकारात, ठेवलेला आकडाही याच मर्यादेत अडकतो.

पिकल या पायथनच्या स्वतःच्या साठवण-प्रकाराला ही अडचण नाही, तो आकडा बाइट्समध्येच ठेवतो. पण दुसऱ्याने पाठवलेली पिकल फाइल कधीही उघडू नका, तिच्यातून कुठलाही कोड चालू शकतो. आकड्याचे थेट बाइट करणारं टू_बाइट्स सगळ्यात आटोपशीर: 1 लाख अंक सुमारे 41,500 बाइटांत बसतात. मी शेवटी हेक्स, म्हणजे 0 ते 9 आणि a ते f अशा सोळा चिन्हांत आकडा लिहिणं, निवडलं. जागा दुप्पट लागते, पण मर्यादा आड येत नाही, फाइल डोळ्यांनी वाचता येते आणि पायरीचा क्रमांक वरच्याच ओळीत लिहिता येतो.

एक गोष्ट पायथन आपणहून करत नाही. लिहिता लिहिताच वीज गेली आणि माझी फाइल अर्धवट राहिली. तीन रात्रींचं काम गेलं. माग मध्येच थांबून सुरू झाला तर कापडावर निदान रेघ दिसते, इथे तीही नाही, कारण अर्धा आकडाही आकडाच असतो. आता आधी वेगळ्या नावाच्या फाइलीत लिहितो, एफसिंक करतो, म्हणजे मजकूर खरोखर डिस्कवर उतरवतो, आणि मगच ओएस.रिप्लेस या फंक्शनने जुन्या फाइलीच्या जागी ठेवतो.

ऑटोडेस्क या सॉफ्टवेअर कंपनीचे एक संस्थापक जॉन वॉकर यांनी 1987 ते 1990 हाच 196 चा पाठलाग 10 लाख अंकांपर्यंत नेला, 24,15,836 पायऱ्या. त्यांचा प्रोग्रॅमही दर दोन तासांनी आकडा लिहून ठेवायचा.

परवा रात्री पुन्हा वीज गेली. आल्यावर फाइल उघडली: पायरी 2,41,000, जवळपास 1 लाख अंक. तिथूनच पुढे सुरू केलं.