सासूबाईंच्या पायाची अँजिओप्लास्टी, पुण्यातला अनुभव

सासूबाईंना शुगर खूप जुनी, त्यात करंगळीला चप्पल लागून जखम झाली ती काही केल्या भरेना, शेवटी काळी पडायला लागली तेव्हा गावाकडे सांगितलं की बोट काढा. आता पायात रक्तच उतरत नसेल तर बोट कापलेली जागा तरी कशी भरणार? म्हणून पुण्यात एका मोठ्या हॉस्पिटलला व्हॅस्क्युलर सर्जनना (रक्ताच्या नसांचे सर्जन) दाखवलं.

तपासणीला पूर्ण मार्क. घोट्याचं आणि दंडाचं बीपी घेऊन भागाकार काढतात, ०.९ च्या खाली आला की पायाच्या नसांत ब्लॉक धरतात. पण शुगरवाल्यांच्या नसा कडक होतात त्यामुळे आकडा उगाच चांगला दिसतो, म्हणून त्यांनी पायाच्या अंगठ्याचं प्रेशर वेगळं घेतलं, मग डॉपलर, म्हणजे नसेतला रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी. नस दिसावी म्हणून सोडतात त्या डायचा किडनीला त्रास नको म्हणून क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) पण आधी बघितलं.

ब्लॉक गुडघ्याखाली होता. अँजिओप्लास्टीत नसेत बारीक फुगा, म्हणजे बलून, फुगवून ब्लॉक मोकळा करतात. मी औषध लावलेल्या बलूनबद्दल वाचून गेले होते, तर डॉक्टर म्हणाले ताई, मांडीच्या नसेत त्याचा चांगला उपयोग होतो, गुडघ्याखाली तसा ठोस पुरावा नाही, साधाच बलून वापरू. महागडी वस्तू गळ्यात मारायची सोडून असं सांगणारा माणूस भेटला याचं मला फार मोल वाटतं! बायपासचं (ब्लॉकला वळसा घालून दुसरी शीर जोडायचं ऑपरेशन) पण मोकळेपणाने बोलले, २०२२ च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात पायाची स्वतःची शीर चांगली असेल तर बायपास सरस ठरली, २०२३ च्या ब्रिटनमधल्या अभ्यासात गुडघ्याखालच्या ब्लॉकला आधी बलून केलेले पेशंट जास्त चांगले राहिले, त्यामुळे पेशंट बघून ठरवावं लागतं. विरघळणारा स्टेंट (नस उघडी ठेवणारी जाळी) खास गुडघ्याखालच्या नसांसाठी अमेरिकेत २०२४ ला मंजूर झालाय हे पण त्यांच्याकडूनच कळलं.

प्रोसिजर जांघेतून, भूल फक्त तेवढ्या जागेपुरती, सासूबाई आत डॉक्टरांशी गप्पा मारत होत्या. टाका नाही, पण नंतर पाय सरळ ठेवून पडून राहावं लागतं आणि त्याचाच त्यांना जास्त वैताग आला. पाऊल गरम लागायला लागलं तेव्हा आम्हाला हायसं वाटलं.

नाराजी आहे ती ड्रेसिंगवर. दर वेळी नवीन माणूस, एक म्हणणार जखम कोरडी ठेवा दुसरा म्हणणार ओली, चपला कशा घ्यायच्या हे कुणी आपणहून सांगितलं नाही. नस उघडली तरी जखम भरायला महिने जातात आणि नस परत बंद होऊ शकते, मग इतकं चांगलं काम करून इथे ढिलाई का? बिलात पण बलून, वायर सगळं एकाच ओळीत, इन्शुरन्सच्या क्लेमसाठी सुटं करून घ्यायला खेटे घालावे लागले. तुम्ही जाणार असाल तर अ‍ॅडमिट व्हायच्या आधीच सुटं एस्टिमेट मागा.

करंगळी वाचलीय, जखम भरत आलीय. पुढच्या डॉपलरला तिथेच जाणार, ड्रेसिंग मात्र आता घराजवळ डायबेटिक फूटवाल्यांकडे करतो.