माप चोख, हवा गायब, गॅस विचारून भरा : मुंबई-आग्रा रस्त्यावरचा आमचा नेहमीचा पंप, नाशिक (५ पैकी ३ तारे)

पंपाचं नाव टाकत नाही, पोरं चांगली आहेत तिथली.

पेट्रोल मापात मिळतं. मध्यंतरी शंका आली म्हणून पाच लिटरचं माप मागितलं, तर पोराने तोंड वाकडं न करता आणलं आणि भरून दाखवलं. बरोबर खुणेपर्यंत! हे माप प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं, मागायला लाजू नका.

एक तारा हवेचा कापला. तीनदा गेले, तीनदा “मशीन बंद आहे ताई”.

दुसरा कापावा की नाही यावर घरात अजून वाद आहे. न्यू जर्सीहून बहिणीचा मुलगा आलाय. शनिवारी माझी गाडी घेऊन गेला आणि पंपात शिरताच विचारलं, “दादा, गॅस कुठे?” त्या पोराने सीएनजीच्या रांगेकडे हात केला. त्याचं तरी काय चुकलं? रिक्षांच्या मागे हा पाऊण तास उभा. नंबर आल्यावर बॉनेट उघडायला लावलं, आत वाकून वाकून पाहिलं आणि विचारलं, “साहेब, किट कुठंय?” मग मला फोन. “मावशी, किट म्हणजे काय गं?”

अमेरिकेत गॅसोलीनचं आखूड होऊन गॅस झालं. आपण उचलला इंग्रज साहेबाचा शब्द, पेट्रोल. आपल्याकडे गॅस म्हणजे सिलिंडर, नाहीतर सीएनजी, नाहीतर पोटातला.

आई म्हणाली, “त्यापेक्षा आमचं घासलेट बरं होतं.” पण घासलेट आलंय ‘गॅसलाइट’वरून, म्हणजे फिरून गॅसच की! आणि रॉकेल ‘रॉक ऑइल’वरून. पेट्रोलियमचाही मूळ लॅटिन अर्थ तोच, दगडातलं तेल. त्या रॉकेलला इंग्लंडात पॅराफिन म्हणतात, अमेरिकेत केरोसीन. अमेरिकेत जाऊन पॅराफिन मागाल तर हातात मेण पडेल.

तर दुसरा तारा कापलाच. सीएनजीच्या रांगेच्या तोंडाशी एक ठळक पाटी लावायला काय जातं?

काल भाचा पुन्हा गेला. मी शेजारी बसलेले. या वेळी नीट “पेट्रोल” म्हणाला. “किती?” विचारल्यावर म्हणाला, “पाच गॅलन.” पोराने माझ्याकडे पाहिलं. आता अमेरिकेचा गॅलन पावणेचार लिटरच्या जरा वर, इंग्रजांचा साडेचारच्या वर. मी म्हटलं, “हजाराचं टाक रे बाबा.”