चावीचा टायमर: घरून डिझाइन करणाऱ्यांसाठी

स्वयंपाकघरात असतो तोच, गोल फिरवायचा ६० मिनिटांचा टायमर. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे घरून डिझाइनची कामं घेणाऱ्यांनी जरूर घ्यावा. ना सेल, ना चार्जिंग. लाइट गेली तरी चालतो. वेळ बघायला मोबाइल हातात घ्यावा लागत नाही, हा खरा फायदा. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी. ५ वर लावताना आधी २० च्या पुढे फिरवून मग मागे आणा. नाहीतर स्प्रिंगला पुरेसा पीळ बसत नाही आणि घंटी अर्धवट वाजते. मराठी-कन्नड लग्नपत्रिकेचं प्रूफ असेल तर एका लिपीला एक फेरी द्या. सलग वाचलं की काना-मात्रा निसटतात. आवाज रेकॉर्ड करणाऱ्यांना मात्र टिकटिक नडेल.