अ‍ॅसिड टिनच्या टाकीत टायटॅनियम बास्केट: काही महिने वापरल्यावर

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या शॉपमध्ये तांब्याच्या बसबारवर (वीज वाहून नेणाऱ्या पट्ट्यांवर) करंट देऊन टिन चढवतो. बाथ, म्हणजे टाकीतलं द्रावण, सल्फेटचा. आधी अ‍ॅनोड म्हणून, म्हणजे विरघळून टिन पुरवायला, हुकाला टांगलेले टिनचे ओतीव बार होते, पावसाळ्याच्या तोंडावर टायटॅनियम बास्केट (टिनचे तुकडे भरायच्या जाळीच्या टोपल्या) घेतल्या. पैसे वसूल झाले, हे नक्की. पण बास्केट भरलेली ठेवायची शिस्त असेल तरच घ्या.

खरा फायदा थोटकांचा. टांगलेला बार झिजत जातो आणि शेवटी हुकाजवळचा तुकडा उरतो. टिनचे भाव पाहता तो भंगारात घालणं जिवावर येतं. आता तुकडे वायर ब्रशने घासायचे, पातळ सल्फ्युरिकमध्ये बुडवायचे, धुवायचे आणि कापून सरळ बास्केटमध्ये टाकायचे. टिन 232 अंशांनाच वितळतं, म्हणून बरेच जण शॉपमध्येच ओततात. मला ते पटत नाही, कारण कढईला आधीचं सोल्डर लागलेलं असलं की शिसं आत शिरतं. सल्फेट बाथमध्ये त्याचा पांढरा गाळ होतो, थोडं थरातही उतरतं, आणि आरओएचएसची (इलेक्ट्रॉनिक मालातल्या घातक पदार्थांवरच्या नियमाची) शिशाची मर्यादा 0.1 टक्का आहे. कुठून आलं ते माहीत नाही असं भंगार टाकीजवळसुद्धा आणू नका.

तुकडे वेडेवाकडे असले की जाळीत अडकतात. वरून बास्केट भरलेली दिसते, पण मध्ये पोकळी असते. मग उरलेल्या टिनवर सगळा करंट पडतो. अ‍ॅनोडवर दर चौरस डेसिमीटरला साधारण 2 अँपिअरच्या आत राहावं. त्यावर गेलं की टिन काळं पडतं आणि अँपिअर तेवढेच असताना व्होल्टेज चढतं. ऑक्सिजन सुटतो, द्रावणातल्या स्टॅनस टिनचं (थर देणाऱ्या रूपाचं) स्टॅनिक (गाळ होणारं रूप) होतं, बाथ गढूळ होतो. म्हणून आमच्याकडे शिफ्ट सुरू होताना लाकडी दांड्याने तुकडे खाली बसवतात आणि वरून भर टाकतात. एवढ्या एका सवयीने गाळ खूपच कमी झाला.

बास्केटवर गाळ अडवायला चढवायची बॅग पॉलिप्रॉपिलीनची हवी, तिचं तोंड द्रावणाच्या वर राहिलं पाहिजे. दिवाळीच्या सुट्टीत बास्केट बाहेर काढून धुऊन ठेवल्या, कारण करंट बंद असताना सल्फ्युरिक टायटॅनियमला हळूहळू खातं. झिर्कोनियम इथे जास्त टिकतं, किंमत मात्र परवडत नाही. सल्फेटऐवजी फ्लुओबोरेट बाथ (टिनचं दुसऱ्या प्रकारचं आम्ल द्रावण) असेल तर दोन्ही नकोत.

बास्केटचा तळ जिगच्या (जॉब टांगायच्या चौकटीच्या) तळापेक्षा थोडा वरच राहील एवढीच उंची घ्या, नाहीतर खालच्या जॉबच्या कडा जळतात.